परदेशातला घटस्फोट आणि म्हापशातला फ्लॅट

इंग्लंडमधल्या स्विंडनला घटस्फोट चाललाय, तिथल्या कोर्टाने 'गोव्यातला फ्लॅट पत्नीला' असं लिहून दिलंय, म्हणजे फ्लॅट तिचा झाला असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. घर-जमिनीवर हुकूम चालतो तो ती जिथे आहे तिथल्या कोर्टाचा. इंग्लंडचं कोर्ट नवऱ्याला 'सही कर' म्हणून बजावू शकतं. म्हापशाच्या सब-रजिस्ट्रारकडे मात्र इथे नोंदवलेला दस्त किंवा इथल्या कोर्टाचा आदेशच लागतो.

पहिला प्रश्न एकच: लग्नाची नोंद कुठे झाली?

गोव्यातल्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे झाली असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे दोघांची सगळी मालमत्ता सामायिक, अर्धी-अर्धी. हिंदू असा की ख्रिस्ती, नियम तोच. विक्रीखतावर एकट्याचं नाव असलं तरी आणि मालमत्ता आजोबांकडून आली असली तरीही. लग्नानंतर ही पद्धत आपसात ठरवून बदलता येत नाही. म्हणून निकालाआधी घाईने केलेलं बक्षीसपत्र अशा जोडप्याच्या कामाचं नाही, कारण दिलेला अर्धा हिस्सा पुन्हा सामायिकातच जाऊन पडतो.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी परदेशी निकालाला पर्वरीच्या उच्च न्यायालयाची (मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची) मान्यता, मग लग्नाच्या नोंदीच्या समासात घटस्फोटाचा शेरा, मग वाटणी. हा समासातला दोन ओळींचा शेरा लोक हमखास विसरतात. दहा वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की गिऱ्हाइकाचा वकील लग्नाचा दाखला मागतो. समास कोरा दिसला की म्हणतो, नवऱ्याची सही आणा. तोवर तो माणूस दुसरं लग्न करून कॅनडात असतो, नाहीतर हयातच नसतो आणि त्याच्या वारसांच्या मागे धावावं लागतं.

निकाल एकतर्फी असेल तर मान्यता मिळणं अवघड. परदेशी घटस्फोट इथे कधी धरायचा हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये नरसिंह राव खटल्यात सांगितलंय. दुसरी बाजू तिथे खरोखर हजर झाली होती आणि तिने ते कोर्ट स्वखुशीने मानलं होतं, हे कागदावर दिसलं पाहिजे. निकालाची प्रमाणित प्रतच घ्या, ईमेलने आलेली पीडीएफ चालत नाही.

वाटणीत दोघांचं जमत असेल तर वाटणीपत्र करून नोंदवायचं. जमत नसेल तर 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टामार्फत वाटणी. तिथे मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते, एकच वस्तू दोघांना हवी असेल तर दोघांतच बोली लागते आणि जास्त घेणाऱ्याने दुसऱ्याला फरकाचे पैसे द्यायचे. नुसत्या परदेशी सेटलमेंटच्या कागदावर विसंबण्यापेक्षा हा रस्ता लांबचा असला तरी पक्का आहे, असं माझं स्पष्ट मत.

लग्न मुंबईत किंवा बेळगावात झालंय आणि फ्लॅट फक्त गोव्यात आहे, त्यांचं गणित उलटं. त्यांनी बक्षीसपत्र घटस्फोट अंतिम होण्याआधी नोंदवावं. आयकरात पती-पत्नी 'नातेवाईक' असतात, म्हणून त्यांच्यातल्या बक्षिसावर घेणाऱ्याला कर नाही; घटस्फोटानंतर ते 'नातेवाईक' नसतात. मग 50,000 रुपयांवरच्या मालमत्तेवर घेणाऱ्याला कराची नोटीस येऊ शकते. इंग्लंडमध्ये कंडिशनल ऑर्डर (आधीचा, सशर्त हुकूम) आणि फायनल ऑर्डर (घटस्फोट अंतिम करणारा हुकूम) यांच्यामध्ये किमान सहा आठवडे आणि एक दिवस जातो. काम त्या आत उरकून घ्या. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती त्याच्याही आधी.

सहीसाठी येता येत नसेल तर मुखत्यारपत्र. लंडनला नोटरी आणि अपोस्टील (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला), दुबईला भारतीय वाणिज्य दूतावास. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्यायचा. 'सर्व व्यवहार करणे' असं मोघम लिहू नका. तालुका, सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, दस्तावर सही करणे, तो नोंदणीला हजर करणे, म्युटेशन (नावाचा फेरफार) हे सगळं नावानिशी हवं. आणि भांडण पेटलं की मुखत्यारपत्र रद्द करता येतं, तेव्हा ते हातात आलं की दस्त लगेच नोंदवा.

नावाचं स्पेलिंगही बघून घ्या. जन्मदाखल्यावर 'नाईक' पोर्तुगीज धाटणीने क्यू-यू-ई लावून, पासपोर्टवर नुसता के, विक्रीखतावर तिसरंच. ही तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

शेत, भाट (माडांची बाग) किंवा कुळागर (पोफळीची बाग) असेल तर थांबा. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला वा ओसीआयवाल्याला (परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळच्या भारतीयाला) शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्यांनी हे मसुदा करण्यापूर्वीच वकिलापुढे मांडायचं.

दस्त नोंदवला की जमीन असल्यास मामलेदाराकडे म्युटेशनचा अर्ज द्या आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या कागदावर) नाव उतरलेलं डोळ्यांनी बघा. फ्लॅट असल्यास सोसायटीचा शेअर दाखला, घरपट्टी आणि वीजबिल यांवरचं नाव बदलून घ्या.