‘शिकवून येते’

“तीन आठवडे सुट्टी आहे, घानात मुलांना इंग्रजी शिकवून येते,” आज एक मुलगी सहज म्हणाली. ते ‘शिकवून येते’ अजून डोक्यातून जात नाहीये.

३० ऑगस्ट १९६१ ला अमेरिकेच्या पीस कोअरचे (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी सरकारी संस्था) पहिले शिक्षक घानाच्या राजधानीत, अक्रा विमानतळावर उतरले आणि तिथेच घानातल्या ट्वी भाषेत गाणं म्हणाले. येतानाच शिकून आले होते! आजही त्यांची मुदत साधारण २७ महिने: तीनेक महिने प्रशिक्षण, मग दोन वर्षं काम.

तीन आठवड्यांत मुलांची नावं पाठ होईतो निघायची वेळ येते. पुढचा स्वयंसेवक येतो, पुन्हा ‘माय नेम इज’. तिथल्या शिक्षकाचा धडा मात्र अर्धवट राहतो. जायचंच तर त्याच्या सोबतीने, त्याच्याच पुस्तकातून शिकवावं.

तुम्ही निघाल्यावर तो वर्ग कोण घेणार, हे विचारलंय का कुणी?