गटे बसला होता, त्याच्या जरा खाली

जिना गोल असला की एक बरं असतं, वर किती राहिलंय ते दिसत नाही. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, जिना मात्र हा दिलासा फार वेळ टिकू देत नाही. गुलाबी वालुकाश्मात उंच, अरुंद झरोके ठेवलेत आणि दर वळणाला खालचा चौक आणखी थोडा आक्रसलेला दिसतो. तिसऱ्या की चौथ्या झरोक्यापाशी माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, तेच थांबले. तळहाताला घाम, तळपायाला मुंग्या आणि गुडघ्यांचं ते ओळखीचं पाणी.

"ताई, मार्क किती?" मागून भावाने विचारलं.

"सत्तर."

"मग थांबूया. घाई कुणाला आहे?"

हे मार्क म्हणजे भीतीचे. शून्य म्हणजे अंथरुणात लोळत असल्यासारखं निवांत आणि शंभर म्हणजे याहून वाईट काही असूच शकत नाही असं. आठ महिने समुपदेशक बाईंकडे जात होते, त्यांनी शिकवलेलं. सुरुवातीलाच त्यांनी माझ्याकडून एक यादी करून घेतली होती: सर्वांत तळाला स्टुलावर उभं राहून बल्ब बदलणं, मग दुसऱ्या मजल्याची गॅलरी, पादचारी पूल, काचेची लिफ्ट आणि टोकाला उंच मनोरा. एकेक पायरी घ्यायची आणि तिथे मार्क उतरेपर्यंत हलायचं नाही. भीती ऐन भरात असताना पळ काढला, तर मेंदू एवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो.

माझी अडचण वेगळी होती. मी पळणाऱ्यांतली नव्हतेच. पैज लावल्यासारखी सगळीकडे चढून यायचे आणि तरी भीती तसूभर कमी व्हायची नाही. बाईंनी एकदा पुलावर सोबत येऊन नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही इथे आहात कुठे? नजर बुटांवर, हात कठड्याला, मनात पाढे. पूल ओलांडलात, पण पुलावर आला नाहीत." या कुबड्या एकेक करून सोडायच्या, हाच खरा उपचार. ऐकायला सोपं आहे. पाढे सोडले, नजर उचलली. कठडा सोडायला मात्र सर्वांत जास्त दिवस लागले. म्हणजे खरं तर सुटलाच नव्हता.

स्ट्रासबर्ग निवडलं ते गटेमुळे. जर्मन भाषेतला हा थोर कवी १७७० मध्ये, विशीत, इथे कायदा शिकायला आला. त्याला उंचीवर भोवळ यायची. आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलंय की तो एकटाच या मनोऱ्याच्या अगदी शेंड्याखालच्या मानेत जाऊन पंधराएक मिनिटं बसायचा आणि मग धीर करून बाहेर, जेमतेम हातभर चौरस जागेवर, धरायला काही नसताना उभा राहायचा. असं किती वेळा? काहीच वाटेनासं होईपर्यंत. मोठे आवाज सहन व्हायचे नाहीत, तर संध्याकाळी फौजेचे ढोल वाजत निघाले की त्यांच्या शेजारून चालायचा. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांनी भीती टप्प्याटप्प्याने उतरवण्याची पद्धत पुस्तकातून मांडली ती १९५८ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी. (गटेचा हातभर चौरस मात्र कुणी गिरवू नये. भीती घालवायची असते, जीव नाही. कठडा असलेल्या जागीही तेवढंच शिकता येतं.)

झरोक्यापाशी दहा मिनिटं गेली असतील. सत्तरचे पंचावन्न झाले, चाळीस झाले. पुढे निघालो.

सव्वातीनशेच्या वर पायऱ्या चढून गच्चीवर पोचतो, ती जमिनीपासून ६६ मीटरवर आहे. मनोरा एकूण १४२ मीटरचा, १४३९ मध्ये पुरा झालेला. १६४७ पासून १८७४ पर्यंत जगातली सर्वांत उंच इमारत हीच होती. आराखड्यात जोडीला दुसरा मनोरा होता, तो कधी झालाच नाही. त्यामुळे कॅथेड्रल एका खांद्याचं दिसतं आणि ही गच्ची त्या नसलेल्या मनोऱ्याकडे उघडी पडलेली आहे. पहारेकऱ्यांचं छोटंसं घर आहे वर. शहरात कुठे आग लागली तर इथून इशारा द्यायचे. भिंतींवर जुन्या पाहुण्यांनी आपली नावं कोरलीत, गटेचंही आहे. वरच्या सुळक्यावर आता पाहुण्यांना सोडत नाहीत. फ्रेंच राज्यक्रांतीत हा सुळका सगळ्यांहून उंच, म्हणजे समतेच्या विरुद्ध आहे म्हणून पाडायचं घाटत होतं, तेव्हा त्यावर क्रांतीची पत्र्याची भलीमोठी लाल टोपी चढवून तो वाचवला. ती टोपी घेऊन वर कोण गेलं असेल, या विचारानेच माझे पाच मार्क वाढले.

गच्चीवर पाऊल टाकलं तेव्हा पंच्याऐंशी. उजवा हात आपोआप दगडाला.

इथे होतं काय, ते कळल्याचा मला फार उपयोग झाला. उभा माणूस सतत थोडाथोडा डुलत असतो. हे डुलणं डोळे जवळच्या वस्तूंवरून ओळखतात आणि शरीर सावरतं. उंचावर जवळ काहीच नसतं आणि दूरच्या गोष्टी तेवढ्याने सरकलेल्या दिसत नाहीत. डोळ्यांकडून खबर येत नाही, डुलणं वाढतं आणि मेंदू धोक्याची घंटा बडवतो. म्हणजे ती भोवळ हा निव्वळ मनाचा खेळ नाही. त्यावर उपायही तेवढाच साधा: नजरेच्या कडेला जवळची एखादी स्थिर गोष्ट ठेवायची, नाहीतर सरळ खाली बसायचं. (जमिनीवर असतानाही गरगरत असेल तर ते प्रकरण बहुधा कानाचं, आधी डॉक्टरांकडे जावं.)

मी बसले. समोर भिंतीत कुणाच्या तरी नावाचं एक अक्षर होतं, कडा झिजलेल्या, खाचेत शेवाळ्याचा हिरवा ठिपका. आधी ते अक्षर, मग त्याच्या मागे छपरं, मग परत अक्षर. छपरांच्या पलीकडे एका बाजूला व्होज पर्वत, दुसरीकडे ऱ्हाइनपलीकडची ब्लॅक फॉरेस्टची निळसर रेघ. अर्ध्या तासाने साठ.

मग उभी राहून कठड्याशी गेले आणि तो विचार आलाच. मी उडी तर नाही ना मारणार? हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, वेड्यात काढतील म्हणून. बाईंना सांगितलं तेव्हा त्या दचकल्यासुद्धा नाहीत. मरणाचा विचार कधी शिवलेला नाही अशा पुष्कळ माणसांच्या मनात उंचावर हे चमकून जातं. २०१२ मध्ये त्यावर संशोधनही प्रसिद्ध झालं. खालीही मरणाचे विचार पाठ सोडत नसतील, तर गोष्ट वेगळी, ती लगेच बोलायची. माझं तसं नव्हतं. विचार आला, मी त्याला येऊ दिलं, तो गेला.

भाऊ म्हणाला, "हात?"

करंगळी सुटली. मग बाकीची बोटं. एक हात, मग दुसरा. दोन्ही हात लोंबकळत ठेवून उभं राहणं इतकं विचित्र असतं हे मला ठाऊक नव्हतं, त्यांचं करायचं काय तेच कळेना. वारा होता. मार्क सरळ नव्वदला गेले, तिथेच घुटमळले आणि मग, कधी ते सांगता येणार नाही, मी भावाला खालच्या एका छपरावरच्या खिडक्या मोजून दाखवत होते.

"पंचवीस," मी आपणहून सांगितलं.

ज्यांना असा मनोरा मिळणार नाही त्यांच्यासाठी आता डोळ्यांना चष्मा लावून भासमान उंचीही मिळते. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १०० जणांवर हा प्रयोग केला. निम्म्यांना चष्म्यातून एका काल्पनिक दहामजली इमारतीत नेलं, त्यात झाडावरचं मांजर सोडवण्याचंही काम होतं. त्यांची भीती बाकीच्यांपेक्षा खूपच कमी झाली. मला मांजर चाललं असतं.

उतरताना भाव खाऊन पुढे झाले. चाळीसेक पायऱ्या उतरले असेन, एका झरोक्यातून एकदम सगळा चौक दिसला आणि गुडघ्यांचं पुन्हा पाणी. वर इतकं सगळं करून आल्यावर! मागून एक कुटुंब येत होतं. अंग चोरून त्यांना वाट दिली, पायरीवरच बसले, पाठ भिंतीला आणि तोंड झरोक्याकडे.

"साठ," मी भावाला म्हटलं. तोही वरच्या पायरीवर टेकला. मी घड्याळ पाहिलं.