जयपूरचा जिना आणि सप्पोरोची घसरगुंडी

जयपूरला जंतर मंतर बघायला गेलो तेव्हा लेक पाच वर्षांची होती, तिथलं सम्राट यंत्र, म्हणजे भलंमोठं सूर्यघड्याळ, दिसल्या दिसल्या ती त्या जिन्याकडेच धावली. 27 मीटर उंच तिरकी भिंत आणि तिच्यावरून थेट आभाळात गेलेल्या पायऱ्या, कुठल्या पोराला चढावंसं वाटणार नाही हो? पण वर जायला बंदी. मग तिला कडेवर घेऊन सावली दाखवत बसले. भिंतीची कड पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणून उतार 27 अंशांचा, जयपूरचा अक्षांशच तो, आणि सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते, मिनिटाला चार बोटं, अगदी डोळ्यांसमोर. रडं थांबलं.

हे सगळं परत आठवलं ते इसामू नोगुचीमुळे, सध्या मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतेय. वडील जपानी कवी, आई अमेरिकन, आणि हा शिल्पकार. 1949 मध्ये तो जगभरातल्या जुन्या वास्तू बघायला निघाला, भारतात आला आणि जंतर मंतरचे ढीगभर फोटो काढले. सवाई जयसिंहांनी वेळ मोजायला बांधलेली यंत्रं ही, पण याला त्यात शिल्पं दिसली, माणूस आत शिरू शकेल, वर चढू शकेल अशी. मला हे फार मोठं वाटतं.

पुढे त्यातूनच स्लाइड मंत्रा हे त्याचं शिल्प आलं, 1986 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मांडलं होतं. पांढऱ्या संगमरवराचा गोल बुरूजच म्हणा, आतून पायऱ्या, बाहेरून वळसा घेत खाली येणारी घसरगुंडी. जपानमधल्या सप्पोरो शहराच्या ओदोरी पार्कात त्याचंच काळ्या ग्रॅनाइटमधलं रूप आहे, बर्फात काय उठून दिसतं! नोगुची डिसेंबर 1988 मध्ये गेला, हे 1992 मध्ये बसलं, त्याला बघायला मिळालं नाही. फोटो लेकीला दाखवला (आता सातवीत आहे) तर म्हणाली, आई हा तर जयपूरचा जिना गुंडाळून ठेवलाय.

आमच्या इथल्या बागेत एक छान दगडी शिल्प आहे, भोवती रेलिंग आणि हात लावू नये ची पाटी, पोरं लांबूनच बघतात. प्रत्येक वेळी जीव तुटतो. नोगुचीने तर 1933 मध्येच न्यूयॉर्कसाठी मुलांना खेळायला एक अख्खा डोंगर सुचवला होता, पायऱ्या असलेला, पिरॅमिडसारखा. रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्याने तो उडवून लावला. पण नोगुचीने तो डोक्यातून काढला नाही, 1988 मध्ये सप्पोरोच्या मोएरेनुमा पार्कचा आराखडा केला त्यात परत घातला. शहराचा कचरा टाकायची जागा होती ती. तिथे आता काचेचा पिरॅमिड आहे आणि तो डोंगरही आहे, 30 मीटर उंच. 2005 पासून पार्क पूर्ण खुलं आहे, डोंगरावर कुणीही चढा, थंडीत तर लोक तिथल्या उतारांवर स्लेज घेऊन येतात.