भरतीची वेळ आणि लोकलची वेळ : ठाणे-नवी मुंबईत दोन दिवस

लेकीला फ्लेमिंगो बघायचे होते, एवढ्यावरून हा सगळा घाट घातला. आम्ही तिघी नाशिकच्या: सदुसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी जेरीला आणलेली आई, पाचवीतली लेक आणि मी. माघातला शनिवार-रविवार धरला. स्वतःची गाडी न्यायची नाही, टॅक्सी ठरवायची नाही; लोकल, मेट्रो आणि गुडघे नाहीच म्हणतील तिथे रिक्षा. हे नीट जमलं, आणि माझ्या मते एकाच गोष्टीमुळे जमलं: आम्ही आधी ठिकाणं ठरवली नाहीत, आधी रूळ ठरवला. ठाण्याहून नवी मुंबईत जाणारा ट्रान्स हार्बर मार्ग धरायचा आणि त्याच्यापासून लांब पडणारं सगळं सोडायचं. येऊरचं जंगल, उपवन तलाव त्यात सुटले. वाईट वाटलं, पण दोन दिवसांत एवढंच बसतं.

तारीख मात्र रेल्वेनं नाही, खाडीनं ठरवली. ऐरोलीहून रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, दाखवायला जाणारी बोट भरतीच्या आसपासच सुटते, ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो. मी मोबाइलवर भरतीचे तक्ते शोधत बसले होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिथी सांग आधी." तिचं माहेर अलिबागकडचं. किनाऱ्यावरचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. खाडीत आत पाणी चढायला जरा जास्त वेळ लागतो आणि बोटीची नेमकी वेळ केंद्रावरचे लोकच सांगतात, पण कुठला शनिवार धरायचा हे भिंतीवरच्या कॅलेंडरवरून कळतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर द्वितीया ते पंचमी हे दिवस उत्तम: सकाळ गावात फिरायला मिळते, दुपारी बोट, आणि अंधाराच्या आत परत. आम्हाला वद्य तृतीया मिळाली. दुसऱ्या दिवशी संकष्टी येत होती, ती आईनं लगेच मोजली.

नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, आणि संध्याकाळी तीच परत नेते. म्हणून मुक्काम ठाणे स्टेशनजवळ, पश्चिमेला. आधी माझ्या मनात वाशी होतं, हॉटेलं मोकळी-ढाकळी असतात म्हणून. पण रविवारी पिशव्या घेऊन फिरावं लागलं असतं. ज्या स्टेशनवरून परतीची गाडी, तिथेच खोली घ्या आणि शेवटच्या दिवशी सामान हॉटेलातच ठेवून बाहेर पडा. आमच्या हॉटेलनं संध्याकाळपर्यंत पिशव्या ठेवून घेतल्या. खोली ठरवतानाच मी ते विचारलं होतं.

ठाणे स्टेशन नव्या माणसाला गोंधळात टाकतं, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. फलाटांचे आकडे पश्चिमेकडून सुरू होतात. एक नंबर पश्चिमेला. नऊ, दहा आणि दहा-अ पूर्वेकडच्या टोकाला, आणि ट्रान्स हार्बरच्या गाड्या तिथूनच सुटतात. म्हणजे पश्चिमेला राहणाऱ्याला दर वेळी सगळं स्टेशन पुलावरून ओलांडायचंय. त्यासाठी दहा मिनिटं वेगळी धरा, गुडघे दुखत असतील तर पंधरा. पुढे एका स्थानकावर लिफ्ट बंद निघाली. आईनं तो जिना कठडा धरून, पायरीपायरीवर थांबत चढला आणि आमची एक गाडी गेली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक स्टेशनवर उतरल्याबरोबर सरकता जिना किंवा लिफ्ट कुठे आहे ते आधी विचारायचं आणि मगच चालायला लागायचं, असं केलं. फलाटाच्या चुकीच्या टोकाला चालत जाऊन परत फिरण्यापेक्षा ते बरं. बस हवी असेल तर पश्चिमेला बाहेर पडल्यावर वर उचललेला पूल दिसतो, त्याला सगळे सॅटिस म्हणतात. ठाणे परिवहनच्या बस त्या पुलावरून सुटतात, खाली रिक्षा.

सामान टाकून आधी तहसील कचेरीजवळ मामलेदारची मिसळ. आम्ही नाशिकचे, मिसळीच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवू नये असं वाटणारे. आमच्याकडे पापड, दही, जिलबी असा सगळा थाट. इथे मुद्द्याचं तेवढंच, रस्सा आणि पाव. तिखट, मध्यम, कमी असं विचारतात. लेकीसाठी कमी घ्या, आणि पहिल्यांदा जात असाल तर स्वतःसाठीही मध्यमच.

तिथून जांभळी नाक्याच्या बाजारातून मासुंदा तलाव. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात. तलावाजवळच कोपिनेश्वराचं देऊळ, पलीकडे गडकरी रंगायतन, जवळच जुनं पोर्तुगीज काळातलं चर्च. थोडं पुढे टेंभी नाक्याकडे बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग, १८७९ सालचं. हे सगळं चालत होतं, पण बाजारातल्या गर्दीत आईला फार थांबावं लागलं. तुमच्याबरोबर वयस्क माणूस असेल तर जांभळी नाका टाळून थेट तलावापर्यंत रिक्षा करा आणि तिथल्या कट्ट्यावर निवांत बसा.

आईला ठाण्यात खरं बघायचं होतं ते वेगळंच. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नाशिकच्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगितली जाते. पण कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात, हे आमच्यातल्या किती जणांच्या लक्षात असतं? हा तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्लाच. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ त मराठ्यांनी जिंकलेला, पुढे इंग्रजांचा. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ त इथूनच निसटले. आत अर्थातच जाता येत नाही, आजही तो चालू तुरुंग आहे. बाहेरून तटाची भिंत आणि बुरूज दिसतात. फोटो काढू नका, रेंगाळू नका. आईनं रिक्षा कडेला घ्यायला लावली, आतूनच हात जोडले आणि म्हणाली, "अनंता तेव्हा अठरा वर्षांचा होता गं." लेक त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही. या एका थांब्यासाठी नाशिककरांनी ठाण्यात अर्धा तास जरूर काढावा.

दुपारी नऊ नंबरवरून ऐरोली. मध्ये दिघा गाव हे एकच स्टेशन, ते २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. शनिवारी दुपारी सहज बसायला मिळालं. कामाच्या दिवशी सकाळी या दिशेला जाऊ नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ऑफिसांची सगळी गर्दी याच गाड्यांना असते आणि संध्याकाळी तीच उलट फिरते. तिकीट मोबाइलवर काढणार असाल तर हॉटेलातून निघतानाच काढा, फलाटावर उभं राहून काढायला गेलात तर ॲप अडतं.

ऐरोली स्टेशनहून खाडीकाठच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापर्यंत रिक्षा लागते. मीटरनं गेलो. बोटीची जागा आठवडाभर आधी राखून ठेवा, सुट्टीचा वार विचारून घ्या आणि दिलेल्या वेळेआधी अर्धा तास पोहोचा. आतलं छोटं प्रदर्शन आणि कांदळवनातली लाकडी वाट तेवढ्यात बघून होते. तिवर, चिप्पी या खारफुटीच्या झाडांची ओळख तिथे नीट होते. पांढरी चिप्पी हा आता महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. बोटीत चढायला हात धरून मदत करतात. आईला जमलं.

आणि मग ते दिसले. आधी लांबवर पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ, मग जवळ जाता जाता त्या रेघेला माना फुटल्या. बोट चालवणाऱ्या दादांनी इंजिन बंद केलं. इतके हजार पक्षी, आणि त्यांचा तो एकसारखा खालच्या पट्टीतला कलकलाट. मागे ऐरोलीचा पूल, त्यावरून चाललेले ट्रक. छोटा रोहित जास्त गुलाबी, मोठा पांढुरका आणि उंच, हे दादांनी दाखवल्यावर लेक एकेक ओळखायला लागली. पंखांचा रंग त्यांच्या खाण्यातून येतो, खाडीतल्या शेवाळातून. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ त दर्जा मिळाला आणि २०२२ त ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. दर्जा मिळाला तरी ही जागा दोन्ही बाजूंच्या शहरांच्या सांडपाण्याला आणि भरावाला लागूनच जगते आहे, हे बोटीतून उघड दिसतं. पिशवी, वेफर्सचं पाकीट, काही म्हणजे काही पाण्यात पडू देऊ नका. दुर्बीण असेल तर न्या, टोपी हवीच. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. त्यातही जानेवारी ते मार्च गाठा, एप्रिलनंतर ऊन सोसत नाही.

रविवारचं गणित मेगाब्लॉकवर. रविवारी दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवतात आणि कुठला मार्ग ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. आमच्या रविवारी ट्रान्स हार्बरच बंद, अकराच्या सुमारापासून दुपारी चारनंतरपर्यंत. घाबरायचं कारण नाही: ब्लॉकच्या आधी खाडीपलीकडे जायचं, ब्लॉक संपल्यावर यायचं, आणि मधला वेळ तिकडच्याच मार्गांवर काढायचा. साडेसातला पनवेलची गाडी धरली आणि बेलापूरला उतरलो.

बेलापूर स्टेशनपासून थोडं चालून नवी मुंबई मेट्रो. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी अकरा स्थानकं सुरू आहेत, सगळा मार्ग उंचावरून. स्वच्छ, मोकळी, आणि लिफ्ट चालू. खिडकीतून खारघरचे डोंगर बघत सेंट्रल पार्कला उतरलो. उद्यान मोठं आहे, लेकीला पळायला मिळालं, पण सावली कमी, आठ-नऊपर्यंतच बरं. आईला इस्कॉनचं नवं मंदिर बघायचं होतं, ते बघितलं आणि परत बेलापूर. मेट्रोसाठी म्हणून दोन तास पुरेत.

त्यानंतर उरणची लोकल, आणि ती मात्र चुकवू नका. बेलापूर आणि नेरूळ दोन्हीकडून सुटते. खारकोपरपर्यंत २०१८ त आली, थेट उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ ला. गाड्या विरळ आहेत, म्हणून जातानाच परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. डावी-उजवी दोन्ही खिडक्या चांगल्या: कांदळवन, खाजण, मग न्हावा शेवा बंदराच्या क्रेन आणि कंटेनरांच्या भिंती. याच पट्ट्यात जासई. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी उभे राहिले आणि गोळीबारात पाच जण गेले. नवी मुंबई वसवायला या जमिनी घेणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. आपण ज्या रुंद रस्त्यांचं आणि प्रशस्त स्टेशनांचं कौतुक करतो ते या गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर उभे आहेत. लेकीला मी हे गाडीतच सांगितलं. खिडकीबाहेर दिसत असताना सांगितलेलं लक्षात राहतं.

उरणला रिक्षानं मोरा बंदर. रेल्वे येईपर्यंत उरणकरांची मुंबई याच धक्क्यावरून, लाँचनं भाऊच्या धक्क्याला. आजही लाँच चालते, पण पाणी ओसरलं की धक्क्याला लागू शकत नाही. चतुर्थी, म्हणजे तीनची भरती; आम्ही एकच्या सुमाराला पोहोचलो तेव्हा पाणी चढत होतं. आईनं त्याकडे बोट दाखवून लेकीला पुन्हा पाऊणपट करायला लावली. तिला आता ती पाठ आहे. आईच्या संकष्टीमुळे मासे राहिले; ती राजगिऱ्याच्या लाडवांवर, आम्ही वडापाववर. उपास असेल तर खायचं बरोबर ठेवा, तिकडे शोधत बसायला वेळ नसतो.

नेरूळला उतरलो तेव्हा ब्लॉक संपायला अर्धा तास होता. पहिली गाडी तुडुंब येते, ती सोडून द्या. दुसरीत तिघींना बसायला मिळालं. हाती वेळच नसेल तर हार्बरनं कुर्ला आणि तिथून मुख्य मार्गानं ठाणे, किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यानं बस, असे दोन पर्याय आहेत. पण कुर्ल्याचे जिने आईसाठी मला नको होते. परतीच्या एक्स्प्रेसच्या आधी ठाण्यात दीड तास तरी हातात राहील असं बघा. आम्ही त्यात पिशव्या घेतल्या, चहा घेतला.

लोकल आणि मेट्रोला तिघींना दोन दिवसांत जे लागले ते एका लांबच्या टॅक्सीफेरीपेक्षा कमी. पैसे गेले ते खोलीला आणि बोटीला.

कसाऱ्याचा घाट चढताना लेक झोपली. देवळाली जवळ आली तशी आई सारखी खिडकीशी वाकून बघत होती. साडेनऊ होऊन गेले आणि शेतांवर तांबूस चंद्र वर आला. तिनं पाण्याची बाटली उघडली, डब्यातला शेवटचा लाडू काढला, आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.