तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्यांना मूल सांभाळणं जमतं का हो?’

बौद्धिक अक्षमता असलेल्या आईवडिलांच्या घरी जाऊन मी त्यांना मूल वाढवायला मदत करते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो, "पण त्यांना जमतं का हो? स्वतःचंच धड होत नाही त्यांचं." परवा एका बाईंनी हेच फोनवर रडत विचारलं, कारण त्यांची अशी मुलगी आता गरोदर आहे. तेव्हा मी तुटक काहीतरी बोलले आणि नंतर रात्रभर वाईट वाटत राहिलं, म्हणून आज नीट लिहितेय.

मी डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे फक्त वाचण्यालिहिण्यात येणाऱ्या अडचणीबद्दल बोलत नाहीये हे आधी सांगते. नवीन गोष्ट शिकायला, लक्षात ठेवायला, वेळ, आकडे, पैसे यांचा मेळ घालायला ज्यांना लहानपणापासूनच जड जातं, आयक्यू साधारण ७० किंवा त्याच्या खाली असतो, त्यांच्याबद्दल बोलतेय. यासाठीचा जुना शब्द सगळ्यांना माहितीये. मी तो वापरत नाही, कारण तो ऐकून माणसाची मान कशी खाली जाते ते मी बघितलंय.

तर उत्तर, हो, पुष्कळांना जमतं. नेमाने येणारं एखादं माणूस मात्र लागतं आणि ते माणूस तिथे येऊन काय करतं यावर फार काही अवलंबून असतं.

माझंच सांगते. सुरुवातीच्या काळात एका घरी जायचे, बाळ दोन महिन्यांचं, वरच्या दुधावर. आईला दहापर्यंत आकडे यायचे पण बाटलीवरच्या बारीक रेघा आणि त्यापुढचे ६०, ९०, १२० काही केल्या डोक्यात बसत नव्हते. मी पोचायचे तेव्हा बाळ भुकेने लालेलाल झालेलं असायचं, मग मीच पटकन दूध करायचे, मीच पाजायचे, ढेकर पण मीच काढायचे. पंधरा दिवसांत असं झालं की मी दारात दिसले की ती बाळ माझ्या हातात द्यायची आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसायची, दोन्ही हात मांडीखाली घालून. ते हात बघितले आणि चर्र झालं. रोज येऊन मी तिला एकच गोष्ट शिकवत होते, की तुला येत नाही.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. पाणी जिथपर्यंत घ्यायचं तिथे बाटलीवर लाल चिकटपट्टी लावली. पावडरचे चार चमचे मोजताना मधेच बाळ रडलं की ती विसरायची, म्हणून चार ठोकळे ठेवले, एक चमचा टाकला की एक ठोकळा डावीकडे सरकवायचा, उजवीकडचे संपले की थांबायचं. आधी पाणी मग पावडर, चमचा वरून सपाट करायचा, मनगटावर थेंब टाकून बघायचं, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून ओट्यावर ओळीने लावला, आणि फोटोत तिचेच हात, तिचीच बाटली. छापील चित्रातली बाटली वेगळी असली की तिला ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात मी नुसती बाजूला उभी होते आणि तिने सगळं केलं, शेवटी म्हणाली, "ताई, बाळ प्यायलं." ‘मी पाजलं’ असं नाही म्हणाली, पण हात मांडीखाली नव्हते.

ही काही माझी आयडिया नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मॉरिस फेल्डमन १९८०च्या दशकापासून हेच दाखवत आलेत की कामाच्या छोट्या पायऱ्या करायच्या, करून दाखवायचं, चित्रं द्यायची, जमलं की तिथल्या तिथे शाबासकी, आणि शिकवायचं ते शक्यतो त्यांच्या स्वतःच्या घरात. दुसरीकडे कुठेतरी वर्गात बसून शिकलेलं घरी आलं की निसटतं, हे मी पण कितीदा बघितलंय.

"समजलं का?" हा प्रश्न तर विचारूच नका. आयुष्यभर त्या प्रश्नाला "हो" म्हणून सुटका करून घेतलेली असते त्यांनी. त्याऐवजी "दाखव बघू कसं करशील" म्हणायचं. ताप मोजणं हे अजून एक अवघड काम, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर डॉक्टरकडे लगेच न्यायचं असतं, पण तो मधला टिंब ज्याला कळत नाही त्याने काय करायचं? आमचं असं ठरलंय की अंग गरम लागलं की थर्मामीटर लावायचा, आकड्याचा फोटो काढून मला पाठवायचा, आणि मी पाच मिनिटांत फोन केला नाही तर वाट न बघता सरळ डॉक्टरांना फोन करायचा. एक बाबा रात्री दोनला पाठवतात फोटो. पाठवू देत.

दुसरा नेहमीचा प्रश्न, "मूल पण तसंच होणार का?" ते अक्षमतेच्या कारणावर असतं, काही कारणं आनुवंशिक असतात, बरीच नसतात. याच भीतीपोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली होती, तिची मुलगी व्हिव्हियन जेमतेम सहासात महिन्यांची असताना ती ‘नॉर्मल नाही’ असा शेरा त्या खटल्यात मारला गेला होता. ती मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजाराने गेली. मला ते वाचून आजही त्रास होतो.

तेव्हाची ती भीती आता वेगळ्या रूपात आईवडिलांच्याच मनात असते. "जमत नाही" असं सांगितलं तर मूल काढून नेतील, म्हणून ते सांगतच नाहीत, आणि मग गोष्ट हाताबाहेर गेल्यावरच सगळ्यांना कळते. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या २३व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की आईवडिलांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मूल त्यांच्यापासून वेगळं करायचं नाही, आणि मूल वाढवायला त्यांना मदत करणं हे सरकारचं काम आहे. हे मी घरोघरी सोप्या भाषेत सांगते. खोटा दिलासा मात्र देत नाही. मुलाला मारहाण होत असेल, उपाशी राहत असेल, मदत देऊनही काही बदलत नसेल तर मुलाचा जीव आधी, तसं मला अधिकाऱ्यांना दोनदा कळवावं लागलंय आणि दोन्ही वेळा त्या आईला समोर बसवून आधी सांगितलंय. पण पुष्कळदा जे ‘दुर्लक्ष’ म्हणून लिहिलं जातं ते मुळात पैसे नसणं, जवळचं कोणी नसणं किंवा नवऱ्याचा मार असतो, त्याचा बुद्धीशी काही संबंध नसतो.

आणि घरातल्या मोठ्या मुलांकडे बघा प्लीज. नऊ वर्षांची एक मुलगी आईची सगळी पत्रं वाचायची, बिलं भरायची, दवाखान्यात तीच बोलायची, लोक कौतुक करायचे किती हुशार म्हणून. ती थकली होती हो. पत्रं वाचायला मोठं माणूस हवं.

फोनवरच्या त्या बाईंनी शेवटी विचारलं होतं, हे किती दिवस चालणार? मूल वाढतंय तोवर, कारण मूल बदललं की सगळं परत शिकायचं असतं. चार ठोकळ्यांचे पाच होतात, मग बाळ रांगायला लागतं, मग शाळा. ते दुधाचं बाळ आता पहिलीत आहे. डायरीतल्या सूचना आईला वाचता येत नाहीत म्हणून आम्ही दोघी शाळेतल्या बाईंना भेटून आलो, आता रोज संध्याकाळी बाईंचा अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज येतो, आई तो दोनदा ऐकते आणि मग दप्तर भरते.