तुम्ही विचारलंत म्हणून: बांगडे खाऊन कर्ज फिटतं का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या मोठ्या जावेने विचारला, गणेश चवथीला गावच्या घरी, नेवऱ्या (करंज्या) तळता तळता. "अगो दोघं कमावता तुम्ही, आणि इसवण घ्यायला हात आखडतो तुमचा? बांगडे खाऊन काय कर्ज फिटतं?" (इसवण म्हणजे सुरमई, बांगड्यांपेक्षा महाग.) सगळ्या हसल्या, मीपण हसले, तेल तापलं होतं म्हणून विषय तिथेच राहिला. मग ऑफिसात कोणीतरी विचारलं, मग बिल्डिंगमधल्यांनी, आणि आता तर ज्यांना ज्यांना कळतं की आम्ही लोनमध्ये जादा पैसे भरतो ते सगळेच विचारतात, म्हणून एकदाच बसून लिहितेय.

सरळ उत्तर, नाही फिटत. पण थांबा, अर्धंच सांगितलं.

गोव्यात फोंड्याला २०२१ च्या सप्टेंबरात आम्ही फ्लॅट घेतला, ६८ चौरस मीटर, समोर काजूची चार झाडं. लोन २५ लाख, वीस वर्षं, ६.९ टक्के, हप्ता १९,२३३. तेव्हा व्याज इतकं खाली होतं की सगळे म्हणायचे घ्या घ्या, परत असा रेट मिळायचा नाही, आणि ते खरंच होतं फक्त आम्हालासुद्धा तो रेट परत मिळाला नाही. फ्लोटिंग रेट म्हणजे मध्येच वर-खाली होणारं व्याज, हे मी अकाउंट्समध्ये काम करत असूनही सहीच्या वेळी नीट डोक्यात घेतलं नव्हतं ही माझी चूक. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) वाढवायला सुरुवात केली, ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा, आणि आमचं लोन रेपोला बांधलेलं, म्हणजे ६.९ चे ९.४ झाले. हप्ता मात्र तेवढाच कापला जात होता म्हणून आम्ही निवांत.

मार्च २०२३ मध्ये पणजीहून घरी येताना कदंब बसमध्ये बसून मी सहज स्टेटमेंट उघडलं. १९,२३३ मधले व्याजाला १९ हजारांच्या वर गेलेले आणि मुद्दलात दोनशे रुपयेपण नाहीत. दोनशेत फार तर बांगड्यांचा एक वाटा येतो. दीड वर्ष हप्ते भरून आम्ही अजून २४ लाख ३५ हजारांवरच उभे. रात्री एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर त्या वेगाने सहाशेच्या वर हप्ते निघाले, म्हणजे पन्नास वर्षं! मी तेव्हा सदतीसची होते, तुम्हीच हिशोब करा. नवरा म्हणाला चुकलं असेल तुझं एक्सेल. नव्हतं चुकलं. बँकेलाही तेवढी मुदत देता येत नाही, त्यामुळे थोड्या दिवसांत तिथून फोन आलाच की हप्ता वाढवा, आणि तो २३,१७३ झाला. चार हजारांचा खड्डा, पगार तेवढाच. तर काटकसरीची सुरुवात ही अशी, आवड म्हणून नाही.

त्याच महिन्यात माझी भिशी लागली, पन्नास हजार. सोन्याच्या बांगड्या करायच्या ठरलेल्या. त्याऐवजी बँकेत गेले आणि म्हटलं हे मुद्दलात घ्या. काउंटरवरचा मुलगा फार गोड बोलणारा, "मॅडम एवढेसे कशाला भरता, त्यापेक्षा एक चांगली पॉलिसी आहे..." मी म्हटलं बाबा, मुद्दलातच. फ्लोटिंग रेटच्या घरकर्जाला असे मध्येच पैसे भरले तर दंड लागत नाही हे मी आधीच बघून गेले होते. पण एक गोष्ट तिथे गेल्यावर कळली आणि ती प्रत्येकाला सांगते. जादा पैसे भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, हे तुम्ही सांगायचं असतं. आमच्या शाखेत न सांगता हप्ताच कमी करणार होते, मी काउंटरवरच कागद मागून अर्ज लिहिला की हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी. पन्नास हजारांत शेवटचे अकरा-बारा हप्ते गळाले, म्हणजे पुढे जाणारे अडीच लाखांच्या वर. लोन कोवळं असताना हे एवढं गळतं हं, जून झाल्यावर नाही. बाहेर येऊन मी समोरच्या हॉटेलात मिक्स भजी खाल्ली, एकटीने, हिशोबात न लिहिता.

आता बांगडे. खरं सांगायचं तर आमच्या घरात सगळ्यात जास्त पैसे वाचले ते न घेतलेल्या गाडीने. गोव्यात गाडी नाही म्हटलं की लोक तुमच्या तब्येतीची चौकशी करतात. आमच्याकडे एक स्कूटर आहे, ती नवरा बेतोड्याला फॅक्टरीत नेतो, मी बसने पणजीला. गाडी घेतली असती तर तिचा हप्ता, पेट्रोल, इन्शुरन्स, आणि पावसात वर्षातून एकदा काहीतरी निघतंच ते, हे सगळं धरून महिन्याला बारा-तेरा हजार. मासळीत, भाजीत, हॉटेलात मिळून वाचतात चार, फार तर पाच हजार. म्हणजे दिवसाला पाव मोजून खाणारा आणि दारात नवी गाडी ठेवणारा माणूस कंजूष असेल, पण त्याने वाचलं काहीच नाही. हे मी जावेला सांगितलं नाही कारण तिच्या दारात नवी गाडी आहे.

बसचा एक फायदा असा की गुरुवारी येताना मी बाणस्तारीला उतरते. बाजार असतो, गावठी भाजी, तवशी (काकड्या), लाल भाजीच्या जुड्या, संध्याकाळपर्यंत बायकांना आवरायचं असतं त्यामुळे भाव खाली येतो, पिशवी भरून पुढच्या बसने फोंडा. पावसात मात्र ती पिशवी, छत्री आणि उभ्याने प्रवास, म्हणजे फार रोमँटिक काही नाही यात.

आणि पुरुमेंत. आमच्या सासूबाई अजून मे महिना लागला की पुरुमेंताचं बोलायला लागतात, जून-जुलै दोन महिने ट्रॉलरना मासेमारी बंद, मासळी महाग, म्हणून सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं), चिंच, मिरची सगळं आधीच भरून ठेवायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे जुन्या काळातलं वाटायचं, आता मीच यादी करते. सोलं आम्ही गच्चीवर घालतो. भिंडं म्हणजे कोकमाची फळं, ती फोडायची, गर बाजूला, त्याच्या रसात मीठ, सालं त्यात बुडवायची आणि उन्हात, दुसऱ्या दिवशी परत बुडवायची परत उन्हात, असं करत करत सालं काळी पडून मऊ होतात आणि हात आठवडाभर लाल राहतात. पहिल्या वर्षी गच्चीच्या नव्या वॉटरप्रूफिंगवर डाग पडला, सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, नाव न घालता, पण गच्चीवर भिंडं घालणारं दुसरं कोण होतं! पुढच्या वर्षी खाली प्लास्टिक टाकलं आणि त्यांच्याकडे बरणीभर सोलं पाठवली. आता तेच विचारतात यंदा कधी घालताय.

सगळंच जमलं असं नाही. एक वर्ष मला वाटलं बंदीच्या आधी मासळी स्वस्त मिळेल तेवढी घेऊन ठेवावी, म्हणून सेकंडहँड डीप फ्रीझर घेतला, आठ हजारांना. भरला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वादळी पावसात तारांवर माड पडला, दीड दिवस लाईट नाही. ती मासळी टाकताना नवऱ्याने एक शब्द काढला नाही, ते जास्त लागलं. फ्रीझर सहा हजारांना विकला, लाईटबिल वेगळं.

काही गोष्टींना आम्ही हात लावत नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की पोळी (त्याच्याकडचा पाव) घ्यायची म्हणजे घ्यायची. चवथीला माटोळीपासून (गणपतीवर टांगतात ती फळं-भाज्या) फटाक्यांपर्यंत आमचा वाटा पूर्ण, सासऱ्यांच्या घरात लोनची गोष्ट काढायची नाही. मुलीचं पेटीचं क्लास. आणि कोणी घरी जेवायला आलं तर इसवणच, विकत आणलेल्या मोठेपणाने का होईना.

अजून एक गोष्ट जी हुशार लोक सांगतात, की लोन कशाला फेडता, टॅक्स वाचतो ना. जुन्या टॅक्स पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, खरं आहे, पण वजावट म्हणजे तेवढे पैसे परत नाही मिळत, तुमच्या स्लॅबप्रमाणे थोडे मिळतात. शंभर रुपये व्याज देऊन वीस-तीस वाचवायचे हे माझ्या अकाउंट्सच्या डोक्यात बसत नाही. आम्ही आता नव्या पद्धतीत आहोत, तिथे राहत्या घराला तेही नाही, त्यामुळे वाद मिटला.

तर बांगड्यांचे चार-पाच हजार, गाडी नाही म्हणून हातात राहतं ते, बोनसचा अर्धा, नवऱ्याचा ओव्हरटाईम, असे मिळून वर्षाला दीड-पावणेदोन लाख मुद्दलात जातात. नियम एकच, महिनाअखेरीला जे उरलं ते दुसऱ्या खात्यात टाकायचं आणि पन्नास हजार झाले की बँकेत. चालू खात्यात ठेवले तर ते कुठे जातात देवाला ठाऊक, सहा महिने करून बघितलंय. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो एक टक्क्याने उतरला तेव्हाही हप्ता उतरवू दिला नाही. आता बाकी सतरा लाखांच्या आसपास आहे आणि हप्त्यातला निम्म्याच्या जवळ भाग मुद्दलात जातो. दोनशेवरून अकरा हजार! कागदावर अजून साडेआठ वर्षं, आमच्या वेगाने पाचेक.

नवऱ्याचं सगळं लक्ष गाडीवर, लोन संपलं की दुसऱ्या दिवशी शोरूम असं त्याचं ठरलंय. परवा मी त्याला सांगत होते की कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे मूळ कागद बँकेने तीस दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "मग त्या काउंटरवरच्या पोराला सांग ना, दोनेक महिने फाईल हरवायला. डाऊन पेमेंट सुटेल."