मांस काढलं, मग चष्मा कसा राहिला?

तुम्ही विचारलंत म्हणून. भेटणारा प्रत्येक जण आधी माझ्या उजव्या डोळ्यात निरखून बघतो आणि मग म्हणतो, "टेरिजियम काढलंत ना? मग अजून चष्मा कसा?" दरवेळी मी अर्धवट काहीतरी सांगून विषय बदलते.

टेरिजियम म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळावर चढणारं मांस. माझं बाहुलीवर आलंच नव्हतं. नाकाच्या बाजूने बुबुळावर 3 मिलिमीटर चढलं होतं, एवढंच. पण चढताना ते बुबुळ ओढून आडव्या दिशेने सपाट करतं आणि सिलिंडरचा नंबर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईमुळे लागणारा नंबर, वाढत जातो. माझा साडेतीनवर गेला होता. प्रत्येक अक्षराला सावली. मांस निघालं की ताण सुटतो, नंबर उतरतो. पण जिथे ते चिकटलेलं असतं तिथे पुसट डाग राहू शकतो. माझ्या डोळ्यात राहिला आहे. आणि चाळिशीचा नंबर त्या मांसामुळे आलाच नव्हता, तो जाणार कसा?

पहिल्या ऑपरेशनचं मी कुणाला सांगत नाही. त्यात मांस काढून खालचा पांढरा भाग तसाच उघडा ठेवला होता. चौथ्या महिन्यात एका सकाळी तोंड धुताना आरशात पाहिलं, तर नाकाकडच्या कोपऱ्यातून दोऱ्यासारख्या दोन लाल शिरा निघालेल्या, टोकं बुबुळाच्या कडेला टेकलेली. नळ वाहत राहिला. मी पापणी बोटाने ओढून पाहिलं, खिडकीपाशी जाऊन उजेडात पाहिलं, पुन्हा आरशाशी आले. जागरणाची लाली असेल, असं स्वतःला सांगत दोन आठवडे काढले. तेवढ्यात त्या दोन शिरांच्या मधे गुलाबी पडदा भरून आला. नुसतं काढून उघडं ठेवलं तर ते परत येण्याची शक्यता मोठी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पण विचारायला मला ते ठाऊक तरी कुठे होतं?

दुसऱ्या वेळी त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचं पातळ आवरण काढून मांस काढलेल्या जागी कलम केलं. असं कलम केल्यावर परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. आठवडाभर डोळ्यात वाळू खुपत होती. दोन महिन्यांनी नंबर काढला: सव्वा. तक्त्यावरच्या ज्या ओळी मी सोडून दिल्या होत्या त्या एका डोळ्याने वाचल्या आणि खुर्चीतच रडले. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांना मात्र अजून किरणं फुटतात.

"आधीच का नाही केलंत?" लहान असेल, वाढत नसेल तर थेंब आणि गॉगलवर थांबतात, मीही थांबले. त्यात माझं चुकलं नाही. पण नंबर दरवर्षी वाढत होता आणि मी नुसत्या काचा बदलत राहिले, ते? लवकर केलं असतं तर डाग लहान राहिला असता, असं वाटतं. मग वाटतं, तेव्हाही मी काही न विचारता तेच पहिलं ऑपरेशन करून घेतलं असतं.